ज्येष्ठमधाची काडी

बारकी बस चालवते, हे आधी डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. बसही साधीसुधी नाही. मधे भात्यासारखी घडी असलेली, वळताना मागचा अर्धा भाग स्वतःच्या मर्जीने येतो ना, तसली लांबलचक. आणि चालवणारी ही एवढीशी, सीटवर उशी घेऊन बसणारी. घरात धाकटी म्हणून बारकी, डेपोत उंचीमुळे बारकी. नावातून काही तिची सुटका नाही.

तर या बारकीची झोप उडाली. आई गेली, त्यानंतर हळूहळू. सुरुवातीला तिने हसण्यावारी नेलं. पडून राहायची, छताकडे बघायची, कूस बदलायची, उठून पाणी प्यायची, परत पडायची. डोळ्याला डोळा लागेना. मग एका दुपारी काय झालं, तिने एक स्टॉप चक्क सोडून दिला. म्हणजे ठरवून नाही हं. स्टॉपवर माणसं हात करत होती आणि ती तिला दिसलीच नाहीत, दिसली ती आरशात, मागे पडल्यावर. कुणाला काही झालं नाही. कुणी तक्रारसुद्धा केली नाही. पण बारकीला तेवढं पुरे झालं. तेवढी फेरी तिने कासवाच्या चालीने पुरी केली, सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली आणि बसची चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, साहेब, मला बस देऊ नका.

डेपोच्या डॉक्टरांनी तपासलं. गोळ्या दिल्या, पण सोबत कागदावर लिहूनही दिलं की या गोळ्या चालू असेपर्यंत गाडी बंद. म्हणजे झोपायचं तर बस नाही आणि बस हवी तर झोप नाही. घ्या आता. मॅनेजर माणूस भला. त्यांनी तिला तात्पुरतं माइकवर बसवलं, गाड्या पुकारायला. म्हणाले, नवीन वेळापत्रक लागेपर्यंत तुझा मार्ग मी कुणाला देत नाही, पण ते लागलं की मला द्यावाच लागेल, आणि मग तू इथेच. तोवर झोप घेऊन ये, चावी घेऊन जा.

आता बारकीला माइक म्हणजे शिक्षाच. स्वतःच्या बसचा नंबर स्वतःच्या तोंडाने पुकारायचा आणि दुसरंच कुणीतरी तिच्या उशीवर बसून ती बाहेर काढणार.

त्या दिवसांत तिला वैद्यबाई आठवल्या.

वैद्यबाई म्हणजे बारकीच्या लहानपणची अख्खी एक खोली. सायकलच्या दुकानावरचा माळा, वर जाणारा करकरणारा जिना आणि दार उघडल्या उघडल्या नाकात शिरणारा तो वास, अर्धा सुकलेल्या पानांचा, अर्धा खालच्या दुकानातल्या ग्रीसचा. बारकीला कित्येक वर्षं वाटायचं, औषधाचा वास असाच असतो, ग्रीससकट. भिंतभर लाकडी खण. कुठल्याच खणावर नाव नाही. आत जे असेल त्याचा एक तुकडा बाहेर मुठीला दोऱ्याने बांधलेला: कुठे मुळी, कुठे साल, कुठे वाळकं फूल. आणि वैद्यबाई चाकांच्या स्टुलावर बसून या खणापासून त्या खणापर्यंत सर्रकन जायच्या. आजारी पडण्यातली अर्धी मजा ते स्टूल बघण्यात होती. कधीतरी आपल्याला बसायला मिळेल म्हणून ही पोरगी आतल्या आत झुरायची.

तिला तिथे न्यायचा दादा. आई बिस्किटांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, त्यामुळे कान दुखो, घसा दुखो, पोट दुखो, हात धरून न्यायला दादाच. आणि वैद्यबाईंचा एक नियम होता, अगदी काळ्या दगडावरची रेघ. ज्याचं दुखतंय त्याने बोलायचं नाही. सोबत आलेल्याने बोलायचं. का, तर त्या म्हणायच्या, आजारी माणूस स्वतःबद्दल खरं सांगतच नाही. दहाजणांना विचारलं तर दहाहीजण सांगणार, मी थोडंच खातो, वेळेवर झोपतो, राग तर मला येतच नाही. म्हणून आजाऱ्याच्या तोंडात आधी ज्येष्ठमधाची काडी द्यायची. चघळत बस. जीभ बघायला मागितली की काडी बाहेर, बघून झाली की परत आत. बारकी ती गोडसर काडी चावून चावून तिचा कुंचला करायची, आणि शेजारी दादा, स्वतः अजून नीट मिसरूड न फुटलेला, मोठ्या माणसासारखा पायावर पाय टाकून सांगायचा, हिला काल दुपारपासून असं असं होतंय.

तर बारकी गेली. जिना तसाच करकरला. सायकलींच्या जागी आता खाली मोबाइलचं दुकान, त्यामुळे वासातलं ग्रीस गेलेलं, आणि बारकीला दारातच चुकल्याचुकल्यासारखं झालं. वैद्यबाई मात्र होत्या. चष्मा जाड, केस पार कापूस, पण स्टुलावरून सर्रकन येणं तेच. तिने आधी आपल्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं, कारण येताना घेत असलेलं सगळं औषध आणायचं हेही लहानपणापासून माहीत. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन नावं वाचली, आणि मग विचारलं, सोबत कोण आहे?

सोबत होती खिडकीवाली. म्हणजे डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसणारी बारकीची मैत्रीण. मनाने सोन्यासारखी, तोंडाने रेडिओ. वैद्यबाईंनी बारकीच्या तोंडात काडी दिली आणि खिडकीवालीला प्रश्न सुरू केले. ही कशी आहे? खिडकीवाली म्हणाली, एकदम मजेत असते, सगळ्यांना हसवते. भूक? चांगली आहे, माझ्या डब्यातलं निम्मं हीच संपवते. राग येतो का? छे. झोपते कुठल्या कुशीवर? यावर खिडकीवाली म्हणाली, ते मला कसं माहीत असणार, मी काय हिच्या उशाशी बसते?

वैद्यबाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, पोरी, तू हिला खिडकीतून बघतेस. मला हिला घरातून बघणारं कुणीतरी हवंय.

बारकीने काडी काढली आणि सांगून टाकलं की घरात आता मी एकटीच.

"मग तो बडबड्या कुठे गेला?" वैद्यबाई म्हणाल्या. "पायावर पाय टाकून बसणारा?"

बडबड्या दूरच्या गावी लिफ्ट दुरुस्त करतो. भांडण वगैरे काही नाही हं, उगाच काहीतरी कल्पना करू नका. आई होती तोवर तो यायचा, आईच्या फोनवर हिच्याशीही बोलायचा. आई गेल्यावर काय बोलायचं हेच दोघांना उमजेना. फोन यायचा, जेवलीस का, हो, तू जेवलास का, हो, बरं मग, ठेवतो. पूर्वी दिवसभर एकमेकांचं डोकं खाणारी ही भावंडं, आता फोनवर घसा खाकरत बसायची.

त्यामुळे बारकीला फोन करायलाच किती वेळ लागला. तीन वेळा नंबर काढला, तीन वेळा फोन उशीखाली ठेवला. शेवटी केला आणि म्हणाली, "दादा, रविवारी येशील? वैद्यबाईंकडे जायचंय."

मग दादा म्हणाला, "परत कान?"

आणि बारकी हसली. खूप दिवसांनी आवाज करून हसली, आणि हसता हसता तिने झोपेचं, स्टॉपचं, चावीचं, माइकचं सगळं सांगितलं. दादा एवढंच म्हणाला की स्टेशनवर यायची गरज नाही, रस्ता माहितेय.

रविवारी दादा त्याच बाकावर बसला. डोक्यावरचं गवत बरंच विरळ, गुडघे समोरच्या टेबलाला लागत होते, तरी पायावर पाय टाकलाच. बारकीच्या तोंडात काडी गेली. आणि वैद्यबाईंनी विचारायचा अवकाश, दादा सुटला.

काय एकेक सांगत होता. ही दूध पीत नाही. ही कोबी बघून पळते. अंधाराला घाबरते. उजव्या कुशीवर झोपते, तोंड उघडं ठेवून, आणि पांघरूण लाथेने खाली. एवढासा गोड तुकडा मिळाला तर दुखणं विसरते. बारकीचे डोळे मोठे होत चालले. कोबी ती रोज खायची, स्वस्त म्हणून आणि पटकन होतो म्हणून. अंधारात तर तिच्या अर्ध्याअधिक फेऱ्या व्हायच्या. हा बाबा सांगत होता ते सगळं दोन वेण्या घालणाऱ्या पोरीबद्दल. ती पोरगी कधीच मोठी होऊन बस चालवायला लागली, हे त्याच्या गावी पोचलंच नव्हतं. आणि या उत्तरांवर औषध निघालं तर झालंच, वेळापत्रक लागणार आणि आपण जन्मभर माइकवर. ती काडी काढायला हात वर न्यायची आणि वैद्यबाई चष्म्यावरून नुसतं बघायच्या. हात खाली.

मग दादा म्हणाला, हिला गाडी लागते.

वैद्यबाई म्हणाल्या, ही बस चालवते.

"हो, चालवताना नाही लागत. मागे बसवा, दुसऱ्या वळणाला पोट धरते. म्हणून तर ड्रायव्हर झाली."

हे मात्र शंभर टक्के खरं. डेपोत कुणालाच माहीत नव्हतं. कुणाला कळलं असतं तर चिडवून चिडवून जीव घेतला असता. बारकीने काडी चावायची थांबवली आणि दादाकडे नीट बघितलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

वैद्यबाईंनी मग तिची जीभ बघितली, मनगट धरून नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. फिकी आहे म्हणाल्या, डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचं, ते माझं काम नाही. आणि दादाला विचारलं, ही झोपायची कशी?

दादा खुशीत आला. हे तर माझंच खातं, असा चेहरा. म्हणाला, आई घरी आल्याशिवाय ही झोपायचीच नाही. दारात चावी फिरली, पायपुसण्यावर पाय वाजले, आई खोकली, की ही गपकन झोपणार. पण आईची पाळी कधीकधी लांबायची. मग मी काय करायचो, गुपचूप बाहेर जायचो, बाहेरून चावी फिरवायचो, पाय पुसायचो आणि आईसारखं खोकायचो. त्याने खोकूनही दाखवलं, बारीक आवाजात, दोन तुकड्यांत. आणि हिला वाटायचं आई आली. झोपायची बिचारी. अजून माहीत नाही हिला. एवढं सांगून तो एकटाच हसला.

बारकीने काडी तोंडातून काढली. वैद्यबाईंनी या वेळी बघितलं नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "आई पाय दोनदा पुसायची. तू एकदाच."

दादाचं हसू जागच्या जागी राहिलं. "मग झोपायचीस कशी?"

"तू दाराशी असायचास ना."

खाली मोबाइलच्या दुकानात कुठलीतरी रिंगटोन लावून बघत होते, ती वाजली आणि मधेच तुटली. वैद्यबाईंनी स्टूल थोडं पुढे घेतलं आणि विचारलं, आता दारात चावी कोण फिरवतं?

"मीच," बारकी म्हणाली. "माझ्यानंतर कुणी यायचं नसतं."

वैद्यबाईंनी मान हलवली आणि सर्रकन खणांकडे गेल्या. एका खणातून साल, एकातून मुळी, एकातून पिवळी पडलेली फुलं. तराजूत घातलं, काढलं, परत घातलं. खलात कुटलं. पुड्या बांधता बांधता सांगायला लागल्या. काढा पाण्यात मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवायचा, गाळायचा, कोमट प्यायचा. कडू आहे, साखर घालशील तर मला तोंड दाखवू नकोस. डॉक्टरांच्या गोळ्या आणि हा काढा त्यांना न विचारता एकत्र नाही. त्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. आधी हा कागद त्यांना दाखव, ते हो म्हणाले की सुरू. कागदावर त्यांनी प्रत्येक वस्तूचं नाव लिहिलं. अंगावर पुरळ आलं, पोट बिघडलं तर थांबायचं आणि यायचं. याने लगेच ढाराढूर झोपशील असं मी म्हणत नाही. आणि मी सांगेपर्यंत, डॉक्टरही सांगेपर्यंत, बसला हात लावायचा नाही.

मग त्यांनी बरणीतून दुसरी काडी काढली आणि दादापुढे धरली. हं, आता तू चाव.

दादा म्हणाला, मला काय झालंय? वैद्यबाई म्हणाल्या, तेच बघायचंय, तोंड उघड. एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखी काडी घेतली आणि गप्प बसला. त्यांनी बारकीला विचारलं, हा झोपतो कसा?

वैद्यबाई विचारतच गेल्या. भूक कशी आहे? जेवतो कुठे, काय, कुणाबरोबर? डोळ्यांखाली हे काळं कधीपासून? त्या डोळ्यांखालच्या काळ्याकडेही तिचं लक्ष आत्ता गेलं, त्यांनी विचारल्यावर. त्याला थंड पाणी लागतं, एवढं तिला आठवत होतं. आणि तो आतल्या आत चिडला की कानाची पाळी ओढतो. तेसुद्धा आता ओढतो की नाही, देव जाणे. त्याने तिच्याबद्दल निदान जुनं तरी भरभरून सांगितलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मग माहीत करून घे," वैद्यबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मी विचारणार आहे." दादाला औषध नाही, काही नाही. नुसती ती काडी.

दादा रजा टाकून राहिला. डॉक्टरांनी कागद वाचला, रक्त काढलं, गोळ्या हळूहळू कमी करून काढा घ्यायला हरकत नाही म्हणाले. रक्तात लोह कमी निघालं, त्याची वेगळी बाटली दिली. पहिला काढा उकळला त्या संध्याकाळी अख्ख्या इमारतीला कळलं की या घरात काहीतरी भयंकर शिजतंय. बारकीने नाक दाबून प्यायला. दादाने साबण आणायला जातो म्हणून चपला घातल्या, आणि बारकी ओळखून होती. डोळे मिटून पडून राहिली. बाहेर चावी लागली. फिरेना. कुलूप मधल्या काळात बदललेलं आणि दादाने आपली जुनी चावी घातलेली. आयुष्यभर लिफ्टमधून लोकांना बाहेर काढणारा माणूस, स्वतःच्याच घराबाहेर अडकला. चावी बाहेर येईना, आत जाईना. त्यात त्याने तो आईचा खोकला काढला. समोरच्या काकू चोर समजून लाटणं घेऊन बाहेर आल्या. बारकी दार उघडायला गेली, तर दादा काकूंना समजावतोय की मी हिचा भाऊ, आणि काकू म्हणतायत, मग बाईच्या आवाजात का खोकतोस?

त्या दिवशी झोप काही आली नाही. हसूनच पोट दुखलं. पण पुढे थोडी थोडी यायला लागली, आधी पहाटेकडे, मग जरा अलीकडे. काढ्याने, लोहाने की दादा पलीकडच्या खोलीत घोरत होता म्हणून, हे आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही. खिडकीवालीचं म्हणणं काढा. डॉक्टरांचं म्हणणं लोह. काकूंना वाटतं लाटण्याची दहशत.

दादा परत गेला आणि बारकीला धास्ती पडली. आता खरी परीक्षा. वेळापत्रक लागायला आलेलं. पण तिच्याकडे आता गृहपाठ होता ना. ती रोज फोन करायची आणि सरळ प्रश्नच टाकायची. आज काय जेवलास, खरं सांग. जीभ बघ आरशात, पांढरी आहे का? दादा आधी कावला. म्हणाला, तू बस चालवतेस की दवाखाना? मग हळूहळू सांगायला लागला. जेवतो उभ्यानेच, गाडीवरचं काहीबाही. रेडिओ लावून झोपतो. आणि एक दिवस म्हणाला, आई पाळीवरून यायची ना, त्या वेळेला मला अजून जाग येते. कान देऊन बसतो. मग कुणी येणार नाही हे आठवतं.



पुढच्या खेपेला वैद्यबाईंनी तिलाच बोलू दिलं नाही, फोनवर दादाला विचारलं, ही झोपते का? दादा म्हणाला, झोपते, काल माझ्याशी फोनवर बोलता बोलता झोपली, मी एकटाच बोलत होतो. वैद्यबाईंनी तिला दादाबद्दल विचारलं, तर ही थांबेचना, उभ्याने जेवण्यापासून रेडिओच्या स्टेशनपर्यंत. शेवटी त्यांनीच काडी पुढे केली, बस झालं म्हणून. काढा निम्म्यावर आणला आणि बसला हो म्हटलं. डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या तोवर सुटल्या होत्या, त्यांनी तपासून गाडीला परवानगी दिली. मॅनेजरनी वेळापत्रक भिंतीवर लावायच्या आदल्या दिवशी चावी टेबलावरून तिच्याकडे सरकवली. उशी कुणीतरी हलवली होती, तेवढ्यावरून तिने पहिली फेरी निघेपर्यंत डेपो डोक्यावर घेतला.

आणि आता काय करते माहितेय? शेवटची फेरी संपवून घरी येते, जिन्यातच दादाला फोन लावते आणि बोलत काही नाही. फोन कुलपाजवळ धरते, चावी फिरवते. पायपुसण्यावर पाय पुसते, दोनदा. मग खोकते, बारीक आवाजात, दोन तुकड्यांत.

काल तिने एवढं सगळं साग्रसंगीत केलं आणि म्हणाली, आले रे. तिने कान लावला. दादा घोरत होता, अगदी लय लावून, आणि मागे रेडिओ नव्हता.